अनचेन्ड मेलडी

अनचेन्ड मेलडी : अमेरिकन संगीतकार ॲलेक्स नॉर्थ (१९१०–१९९१) यांनी स्वरबद्ध केलेले व हाय झॅरेट (१९०७–२००७) यांनी लिहिलेले इंग्रजी विरहगीत. १९५५ साली एका चित्रपटासाठी तयार झालेल्या या गीताची आजवर पंधराशेहून अधिक ध्वनिमुद्रणे झाल्याचे सांगितले जाते. पॉप बॅलड या प्रकारातील सर्वाधिक गायकांनी गायलेल्या गीतांत त्याची गणना होते. बॅलड म्हटल्यावर मराठी वाचकाला पोवाडा आठवतो आणि कथनपर लोकगीत या जुन्या अर्थाने ते योग्यही आहे. मात्र विसाव्या शतकातील लोकप्रिय संगीतात हा शब्द संथ लयीच्या, एकाच व्यक्तीच्या मनःस्थितीभोवती फिरणाऱ्या गीतासाठी रूढ झाला. त्या अर्थाने हे गीत पोवाड्यापेक्षा भावगीताच्या अधिक जवळचे आहे.

गीताच्या शीर्षकाचा त्याच्या शब्दांशी काहीही संबंध नाही. कॅलिफोर्नियातील चिनो येथील तुरुंगावर आधारलेल्या ‘अनचेन्ड’ या चित्रपटात पळून जावे की शिक्षा पुरी करून पत्नीकडे परतावे, या पेचात सापडलेल्या कैद्याची कथा आहे. निर्मात्यांना गीतात ‘अनचेन्ड’ (बंधमुक्त) हा शब्द हवा होता, परंतु झॅरेट यांनी तो घालण्यास नकार दिला. (नॉर्थ यांनी प्रथम विचारले तेव्हा झॅरेट घर रंगवण्यात गुंतले होते आणि म्हणून त्यांनी कामालाच नाही म्हटले होते, अशीही आठवण सांगितली जाते.) त्यांनी लिहिले ते दूर असलेल्या माणसाचे साधे आर्जव : काळ फार हळू सरतो आहे, तू अजून माझीच आहेस ना, नद्या समुद्राकडे वाहत आहेत, मी घरी येतो आहे, वाट पाहा. तुरुंगाचा उल्लेख टाळल्यामुळेच हे गीत पुढे सैनिकाचे, प्रवाशाचे, मृताचे आणि कोणत्याही ताटातूट झालेल्या प्रेमिकाचे होऊ शकले. चित्रपटात ते टॉड डंकन यांनी कैद्याच्या भूमिकेत गायले. जॉर्ज गर्शविन यांच्या ‘पोर्गी अँड बेस’ या ऑपेरात १९३५ साली पहिला पोर्गी साकारणारे हे खर्जाकडे झुकणाऱ्या आवाजाचे कृष्णवर्णीय गायक होते. गीताला ऑस्करचे नामांकन मिळाले, पुरस्कार मात्र दुसऱ्या गीताला गेला.

त्या काळी लोकप्रिय गीत ही एका गायकाची मालमत्ता मानली जात नसे. चाल गाजू लागली की प्रत्येक ध्वनिमुद्रिका कंपनी आपापल्या गायकाकडून ती गाऊन घेई. त्यामुळे १९५५ मध्येच अमेरिकेत लेस बॅक्स्टर यांच्या वाद्यवृंदाची व समूहस्वरांची आवृत्ती पहिल्या क्रमांकावर पोहोचली आणि तिच्या मागोमाग, पूर्वी जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदात गाणारे अंध गायक अल हिब्लर तसेच चर्चमधील भक्तिगायनाचा जोर आवाजात असलेले रॉय हॅमिल्टन यांच्या आवृत्त्याही गाजल्या. ब्रिटनमध्ये जिमी यंग यांची आवृत्ती अग्रस्थानी गेली आणि त्याच गीताच्या चार आवृत्त्या एकाच वेळी पहिल्या विसांत झळकल्या.

आज हे गीत ज्या रूपात कानांत बसले आहे, ते १९६५ सालचे आहे. ‘रायचस ब्रदर्स’ या नावाने गाणाऱ्या बिल मेडली व बॉबी हॅटफील्ड या जोडीच्या तबकडीच्या मागच्या बाजूला ते मुद्रित झाले. नाव जोडीचे असले तरी गायले एकट्या हॅटफील्ड यांनी. पुढची बाजू निर्माते फिल स्पेक्टर यांना महत्त्वाची वाटत होती. रेडिओवरील निवेदकांनी मात्र तबकडी उलटून वाजवायला सुरुवात केली आणि गीत चौथ्या क्रमांकापर्यंत चढले. त्याची स्वररचना अवघड नाही. षड्ज, धैवत, मध्यम आणि पंचम यांवर उभारलेल्या चार स्वरसंघांचे (कॉर्ड) आवर्तन ती पुन्हा पुन्हा घेते, आणि प्रत्येक ठोक्याची तीन भागांत फोड केल्यामुळे संथ लय आतून हलती राहते. हॅटफील्ड जवळजवळ पुटपुटल्यासारखी सुरुवात करतात, मधल्या नद्यांच्या ओळींत आवाज मोकळा सोडतात आणि शेवटी प्रेमाची याचना करणाऱ्या शब्दांवर आवाज एकदम तार सप्तकात नेतात. नंतरच्या बहुतेक गायकांनी नॉर्थ यांच्या मूळ चालीऐवजी हीच चढण गिरवली. मूळ गीतापेक्षा त्याचे एखादे गायन प्रमाण ठरण्याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच आढळते.

एल्व्हिस प्रेस्ली यांचे गायन या चढणीचेच आहे, परंतु त्याची जात वेगळी. २१ जून १९७७ रोजी अमेरिकेतील रॅपिड सिटी येथील कार्यक्रमात ते स्वतः पियानोवर बसले. पियानोवर शीतपेयाचे कागदी पेले ठेवलेले होते आणि एक सहकारी त्यांच्या तोंडाशी मायक्रोफोन धरून उभा होता. चेहरा सुजलेला, घामाने डबडबलेला, पण आवाज शेवटच्या स्वरापर्यंत शाबूत. त्यानंतर आठच आठवड्यांनी, १६ ऑगस्टला, त्यांचे निधन झाले. सुबकपणाच्या कसोटीवर हॅटफील्ड सरस ठरतील; शब्दांतील निकड मात्र येथे अधिक खरी वाटते.

१९९० साली ‘घोस्ट’ या चित्रपटाने गीताला नवा श्रोता दिला. रात्री कुंभाराच्या चाकावर बसलेली नायिका, मागे येऊन बसणारा नायक, हातांखाली कोसळणारे ओल्या मातीचे भांडे आणि घरातल्या ज्यूकबॉक्सवर (तबकड्या वाजवणाऱ्या यंत्रावर) हॅटफील्ड यांचा आवाज, या दृश्याशी ते कायमचे जोडले गेले. जुन्या मुद्रणाचे हक्क दुसऱ्या कंपनीकडे असल्याने हॅटफील्ड यांनी पन्नाशीत ते पुन्हा गायले, आणि जुनी व नवी अशा दोन्ही आवृत्त्या अमेरिकेत एकाच वेळी पहिल्या विसांत राहिल्या. ब्रिटनमध्ये जुनी आवृत्ती अग्रस्थानी पोहोचून त्या वर्षी सर्वाधिक खपली. तेथेच १९९५ मध्ये रॉबसन ग्रीन व जेरोम फ्लिन या दूरचित्रवाणी अभिनेत्यांची आणि २००२ मध्ये गायक गॅरेथ गेट्स यांची आवृत्ती पहिल्या क्रमांकावर गेली. जिमी यंग धरून, चार वेगवेगळ्या आवृत्त्यांनी ते स्थान मिळवले.

गायक इतके झाल्यावर गीतकारपदालाही दावेदार निघाला. हे शब्द आपण किशोरवयात ‘हाय झॅरेट’ या टोपणनावाने लिहिले होते, असे एका अमेरिकन विद्युत अभियंत्याने अनेक वर्षे सांगितले. वादाचा निकाल खऱ्या झॅरेट यांच्या बाजूने लागला आणि २००७ मध्ये वयाच्या ९९ व्या वर्षी निधन होईपर्यंत गीताचे मानधन त्यांनाच मिळत राहिले.