दंड फुगले, स्मॅश होता तिथंच

गोव्यात फोंड्याला आमची बॅडमिंटनची संध्याकाळी साडेसातची बॅच आहे, सहा-सात जण, सगळे चाळिशीच्या आसपासचे, आणि एक काका जे साठीच्या पुढे गेलेत. काकांचे हात म्हणजे शेवग्याच्या शेंगा. पण त्यांचा स्मॅश, म्हणजे वरून खाली हाणलेला फटका, बसला की हॉलमध्ये असा आवाज येतो की बाजूच्या कोर्टवरचे मान वळवून बघतात. गेल्या पावसाळ्यात मला त्याचा एवढा राग आला की मी सरळ जाऊन जिम लावली. दोन महिने डंबेल घेऊन, कोपर वाकवून वर उचलायचे कर्ल मारले, दंड टी-शर्टच्या बाहीत घट्ट बसायला लागले, बायकोसुद्धा म्हणाली बरं दिसतंय. कोर्टवर काय झालं? स्मॅश होता तिथंच, आणि वर कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागलं, चहाचा कप उचलताना पण कळ यायची. काका एवढंच म्हणाले, "सैल धर मरे ते रॅकेट!"

तेव्हा वाचायला बसलो की बाबा हा फटका नक्की निघतो कुठून.

शटलचं वजन नियमाप्रमाणे ४.७४ ते ५.५० ग्रॅम, आणि आपली रॅकेट साधारण ८०-९० ग्रॅमची. एवढ्या हलक्या वस्तूला जोर लावायचा म्हणजे काय, ती तर लगेच सुटून जाते. तिचा वेग ठरतो तो रॅकेटचं डोकं त्या क्षणी किती वेगात फिरतंय यावर. २०२३ साली आपल्या सात्विकसाईराज रंकीरेड्डीने ताशी ५६५ किलोमीटरचा गिनीज रेकॉर्ड केला (तो मॅचमध्ये नाही, जपानमध्ये मुद्दाम मोजून घेतलेला, आणि आकडा शटल तारांवरून सुटतानाचा, पुढे पिसं हवेत ब्रेक लावतातच). म्हणजे आपल्याला हवीय ती नुसती ताकद नाही, हवीय झटक्यात लागणारी ताकद. जड डंबेल हळूहळू उचलून हळू ताकद वाढते, ती अगदीच फुकट जात नाही, पण ती वेगात वापरायची सवय वेगळी लावावी लागते.

आता एक गंमत करून बघा. उजवं कोपर कमरेला टेकवून हात काटकोनात पुढे धरा, तळवा वर, जसा प्रसाद घेताना धरतो तसा. डावा हात उजव्या कोपराच्या जरा खाली, आतल्या बाजूला ठेवा. आता तळवा झटकन खाली पालथा करा. बोटांखाली काहीतरी टणक झालेलं लागेल. आपल्या पुढच्या हातात, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंत, दोन हाडं आहेत, पालथा करताना त्यातलं एक दुसऱ्यावरून आडवं जातं, आणि ते ओढणारा स्नायू तो हाच. याला प्रोनेशन म्हणतात. आपण ज्याला 'मनगटाचा झटका' म्हणतो ना, तो स्लो मोशनमध्ये बघितला तर बराचसा हाच असतो, आणि त्याच्या जोडीला खांद्यातून अख्खा दंड आतल्या बाजूला फिरतो ते काम छातीचे आणि पाठीचे मोठे स्नायू करतात.

आणि कर्ल मारून दंडावर फुगतो तो बायसेप्स? त्याची मुख्य कामं दोन, कोपर वाकवणं आणि तळवा उताणा करणं. स्मॅशमध्ये कोपर सरळ होतं आणि तळवा पालथा होतो. म्हणजे मी दोन महिने नेमका उलट्या दिशेचा स्नायू पोसत होतो! हां, अगदी निरुपयोगी नाही तो, बॅकहँड मारताना हात उलटा फिरतो तिथे लागतो, आणि स्मॅशनंतर कोपर झटका खाऊन ताठ होऊ नये म्हणून ब्रेकही लावतो. उजव्या हाताने स्क्रू घट्ट पिळताना दंडाला हात लावून बघा, तिथे राबतो तो बायसेप्सच.

ब्रेकवरून आठवलं. खांद्याच्या मागच्या बाजूला छोटे स्नायू असतात, रोटेटर कफमधले (खांद्याचा सांधा धरून ठेवणारं स्नायूंचं जुडगं), ते आरशात दिसत नाहीत म्हणून जिममध्ये त्यांना कोणी विचारत नाही. पण हात एवढ्या वेगात पुढे फेकला की तो थांबवायचा कोणी, तर यांनी. पुढचे स्नायू रोज खेळून तगडे होतात, मागचे तसेच राहतात, आणि मग खांदा कुरकुरतो. यावर साधा उपाय आहे, रबर बँड खिडकीच्या गजाला बांधायचा, काखेत गुंडाळलेला पंचा धरायचा आणि कोपर न हलवता हात बाहेर फिरवायचा, सावकाश, पंधरा-पंधरा वेळा. दिसायला एकदम बावळट व्यायाम.

प्रोनेशनसाठी मात्र घरातली हातोडी पुरते. खुर्चीत बसून पुढचा हात मांडीवर ठेवायचा, हातोडी दांड्याच्या मधोमध धरायची आणि डावीकडे-उजवीकडे हळू कलती करायची. वजन टोकाला असल्यामुळे पाव किलोची हातोडी पण भारी लागते. जमायला लागलं की पकड दांड्याच्या खालच्या टोकाकडे सरकवायची, नवीन हातोडी घ्यायची गरज नाही. माझ्या मुलाने विचारलं, बाबा तू सुतार होणार काय?

माझ्या कोपराच्या दुखण्याचं कारण मात्र वेगळंच निघालं. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवेत नुसता दमटपणा, घाम वाळत म्हणून नाही, ग्रिप अशी बुळबुळीत की रॅकेट सुटेल या भीतीने आपण मूठ गच्च आवळून धरतो, सर्व्हिसपासून शेवटच्या पॉइंटपर्यंत. आता मूठ आवळली की मनगट खाली वाकू नये म्हणून पुढच्या हाताच्या पाठच्या बाजूचे स्नायू सतत ताणून राहतात, आणि त्यातले बहुतेक जाऊन चिकटतात कोपराच्या बाहेरच्या हाडाला. टेनिस एल्बो म्हणतात तो हाच, टेनिसची रॅकेट हातात न धरता पण होतो. शिवाय दोन्ही बाजूचे स्नायू एकदम ताठ असले की एकमेकांना अडवतात आणि हात फिरतच नाही वेगात. काकांचं 'सैल धर मरे' म्हणजे हेच, फक्त शटल लागतं त्या क्षणी मूठ आवळायची. मी टॉवेल ग्रिप लावली, ती पावसाळ्यात लवकर लवकर बदलतो, आणि दुखणं निम्मं तिथेच गेलं. उरलेल्यासाठी फिजिओकडे गेलो, दुखत असेल तर तुम्हीही जा, व्हॉट्सअॅपवरचे व्हिडिओ बघू नका.

घाई पण नडली होती मला. व्यायाम सुरू केला की पहिल्या काही आठवड्यांत वजन जास्त उचलता येतं ते मुख्यतः मेंदू आणि नसा शिकतात म्हणून, स्नायू जाड व्हायला त्याहून वेळ लागतो, आणि स्नायूला हाडाशी बांधणारे टेंडन सगळ्यात आळशी. आपल्याला वाटतं जमतंय, वाढव वजन, आणि टेंडन म्हणतो थांब.

खाण्याचं म्हणाल तर स्नायू वाढवायला दिवसाला शरीराच्या दर किलोमागे साधारण १.६ ग्रॅम प्रोटीन पुरतं, म्हणजे ६५ किलोच्या माणसाला शंभरच्या थोडं वर. आपल्याकडे कठीण नाही ते, शंभर ग्रॅम बांगड्यात वीसच्या आसपास मिळतं. प्रश्न येतो सोमवारी आणि श्रावणात. तेव्हा आळसाण्यांचं तोणाक (आमच्याकडच्या चवळीसारख्या कडधान्याची रस्साभाजी), मुगाची उसळ, दही, पनीर असं दिवसभर थोडं थोडं घ्यावं लागतं, नुसत्या उकड्या भातावर आणि सोलकढीवर भागत नाही.

परवा बऱ्याच महिन्यांनी एक स्मॅश असा बसला की मलाच आवाज ऐकून बरं वाटलं. काकांनी तो शांतपणे नेटपाशी टाकला, मी मागच्या रेषेवर उभा, निघायच्या आत शटल खाली. "हात झाला," काका म्हणाले, "आतां पांय बघ." आणि खरंच, त्या फटक्याचा जोर मुळात सुरू होतो तो जमिनीला रेटा देणाऱ्या पायातून, तिथून कमरेत, मग खांद्यात. सोमवारपासून लंजेस, म्हणजे एक पाय पुढे टाकून गुडघ्यात वाकायचा व्यायाम, चालू केलेत, आज जिना उतरताना कठडा धरावा लागतोय.