खडकांच्या आडोशाला वसलेले मालवण : पर्यटनामागची पार्श्वभूमी

मालवणच्या बंदरजेटीवरून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे निघालेली होडी सरळ रेषेत जात नाही. किल्ला समोर दिसत असतो आणि प्रवास जेमतेम पंधरा मिनिटांचा असतो. तरीही सुकाणूवरचा माणूस होडी एकदा उजवीकडे काढतो, थोड्या वेळाने डावीकडे घेतो आणि मग किल्ल्याच्या महाद्वाराकडे वळवतो. प्रथमच आलेल्या पर्यटकाला हा वळसा कशासाठी, ते कळत नाही. पाणी नितळ असेल तर मात्र होडीच्या दोन्ही बाजूंना हिरव्या पाण्याखाली काळपट पट्टे दिसतात आणि ओहोटी असेल तर त्यांतले काही उघडेही पडतात. ते खडक आहेत. मालवणचा गेल्या साडेतीनशे वर्षांचा इतिहास या खडकांना धरून घडलेला आहे. येथे किल्ला बांधला गेला तो या खडकांमुळे, मोठी बंदरे वाढली तसे मालवण मागे पडले तेही यांच्यामुळेच, आणि आज स्नॉर्केलिंगसाठी, म्हणजे नळीतून श्वास घेत पाण्याखालचे जग पाहण्यासाठी, येणाऱ्या पाहुण्यांना जे रंगीत मासे व प्रवाळ पाहायचे असतात तेही याच खडकांच्या आसऱ्याने वाढलेले आहेत.

मालवण हे नाव ‘महालवण’ या शब्दावरून आले असे सांगितले जाते आणि परिसरातील जुनी मिठागरे पाहता ती व्युत्पत्ती पटण्यासारखी वाटते. १६६४ साली शिवाजी महाराजांची दृष्टी या किनाऱ्यावर स्थिरावली तेव्हा कोकणच्या समुद्रावर सिद्दी, पोर्तुगीज, इंग्रज आणि डच यांचा वावर होता आणि मुरुडचा जंजिरा हाती येत नव्हता. सिद्दीच्या जंजिऱ्याला तोडीस तोड असा स्वतःचा जलदुर्ग हवा होता. मालवणसमोरच्या कुरटे बेटाभोवती खडकांची अशी काही मांडणी आहे की, वाट माहीत नसलेले जहाज तेथे पोहोचण्याआधीच फुटावे. शिवाय खाऱ्या समुद्राच्या मधोमध या बेटावर गोड्या पाण्याच्या विहिरी लागतात. दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव ही त्या विहिरींची नावेच पुरेशी बोलकी आहेत. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी किनाऱ्यावरील मोरयाचा धोंडा येथे पूजन होऊन कामाला आरंभ झाला आणि हिरोजी इंदुलकर यांच्या देखरेखीखाली सुमारे तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. पायाच्या दगडांत शिसे ओतल्याचे अनेक वर्णनांत येते. जवळचा पद्मगड, किनाऱ्यावरचा राजकोट आणि कोळंब खाडीच्या मुखाशी असलेला सर्जेकोट हे त्याच रचनेचे भाग होत. किल्ल्याचे बांधकाम चालू असतानाच, १६६५ च्या फेब्रुवारीत, महाराजांचे आरमार बसरूरच्या मोहिमेसाठी मालवणातूनच निघाले होते.

या कथेत जी माणसे नेहमी मागे राहतात त्यांचा उल्लेख येथे करायला हवा. खडकांमधून वाट काढणे हे किनाऱ्यावरच्या गाबीत, भंडारी आणि इतर दर्यावर्दी समाजांचे पिढीजात ज्ञान होते आणि त्यांच्या साहाय्यावाचून कुरटे बेट हे समुद्रातील एक बेट एवढेच राहिले असते. किल्ल्यावरील शिवराजेश्वर मंदिर राजाराम महाराजांच्या काळात बांधले गेले. तेथील महाराजांची मूर्ती दाढीविना आणि दर्यावर्दी माणसाच्या टोपीसारख्या शिरोभूषणात आहे. त्या मूर्तीपुढे उभे राहिले की या राजाचे आणि किनाऱ्यावरच्या माणसांचे नाते काय होते, ते मला कोणत्याही बखरीपेक्षा अधिक स्पष्ट जाणवते.

पुढे किल्ला कोल्हापूरकर छत्रपतींकडे गेला. १७६५ मध्ये इंग्रजांनी तो जिंकून त्याचे नाव ‘फोर्ट ऑगस्टस’ असे ठेवले, पण वर्षभरातच करार करून परत दिला. १८१२ च्या तहाने मात्र सिंधुदुर्गासह मालवण कायमचे इंग्रजांच्या ताब्यात गेले. ज्या खडकांनी शत्रूला दूर ठेवले त्यांनीच आता व्यापारालाही दूर ठेवले. आगबोटींच्या काळात मोठी जहाजे मालवणच्या खाडीत शिरू शकत नसत. ती बाहेर खोल पाण्यात नांगर टाकत आणि तेथून उतारू व सामान लहान होड्यांनी किनाऱ्याला आणले जाई. पावसाळ्यात हा जलमार्ग बंदच असे. मुंबईला गिरणीत, गोदीत किंवा कुणाच्या घरी कामाला गेलेला चाकरमानी गणपतीला गावी येणार म्हणजे समुद्र केव्हा शांत होतो, याकडे घरच्यांचे डोळे लागलेले असत. मनिऑर्डरीवर चालणारी घरे आणि म्हातारी माणसे, बायका व मुले यांनी सांभाळलेली गावे, हे चित्र तेव्हापासून कित्येक दशके टिकले. मुंबईत ‘मालवणी’ जेवणाच्या खानावळी निघाल्या आणि मालवणचे नाव महाराष्ट्रभर पोहोचले ते याच चाकरमान्यांमुळे. म्हणजे माणसे येथे पाहुणी म्हणून येऊ लागण्याच्या कितीतरी आधी येथील कालवणाची चव त्यांच्यापर्यंत जाऊन पोहोचली होती.

किनाऱ्यावर राहिलेल्यांचा आधार होता मासेमारी, आणि तिचे जुने रूप म्हणजे रापण. चिवला किंवा दांडीच्या किनाऱ्यावर अजूनही काही वेळा ती पाहायला मिळते. जाळ्याचे एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी समुद्रात जाते, अर्धवर्तुळ घेत जाळे सोडत येते आणि दुसरे टोक काही अंतरावर किनाऱ्याला लावते. मग दोन्ही टोकांना माणसांच्या दोन रांगा लागतात. दोर कमरेशी घेऊन, वाळूत टाचा रोवून, एका सुरात आवाज देत ही माणसे पाठमोरी मागे सरकत राहतात. हे काम मिनिटांचे नसते, तासांचे असते. जाळ्याचा घेर आवळत आला की पाण्यात चंदेरी खळबळ सुरू होते, वर पाखरांची गर्दी होते आणि रांगेतली माणसे आपोआप वेगाने ओढू लागतात. कधी बांगड्याचा पाग लागतो, कधी तारली आणि पेडवे मिळतात, तर कधी एवढ्या कष्टानंतर मूठभर मासळी आणि ढीगभर जेली मासे हाती येतात.

रापणीत पकडण्याच्या रीतीपेक्षाही वाटणीची रीत मला अधिक महत्त्वाची वाटते. रापण एका मालकाची नसते, ती संघाची असते. जाळ्याचा वाटा वेगळा, होडीचा वेगळा आणि ओढणाऱ्या हातांचा वेगळा. वाटेकऱ्यांनी आपापल्या जाळ्याचे तुकडे आणून जोडायचे आणि मिळकत ठरलेल्या हिशेबाने घ्यायची. घरचा कर्ता माणूस गेला तरी त्या घराचा वाटा चालू ठेवण्याची पद्धतही होती. अशा व्यवस्थेत कुणी फार श्रीमंत होत नसे, पण किनाऱ्यावर मासळी आली आणि एखाद्या घरात चूल पेटली नाही, असेही सहसा होत नसे.

या व्यवस्थेला धक्का बसला तो यांत्रिक ट्रॉलर आल्यावर. समुद्राचा तळ खरवडत नेणारे जाळे किनाऱ्याजवळ आले तसे रापणकारांच्या वाट्याचे मासे कमी होत गेले. पारंपरिक मच्छीमारांच्या आंदोलनांचा दाब देशभर वाढला आणि महाराष्ट्रात १९८१ चा सागरी मासेमारी नियमन अधिनियम आला. किनाऱ्यालगतचे, पाच ते दहा वाव (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) खोलीपर्यंतचे पाणी पारंपरिक मासेमारीसाठी राखून ठेवणे हा त्याचा एक मुख्य भाग होता. कायदा झाला, पण अंमलबजावणीसाठी लागणाऱ्या गस्ती नौका आणि माणसे कधीच पुरेशी नव्हती. ट्रॉलरनंतर पर्ससीन जाळी आली. ही जाळी अख्खा थवा घेरून तळाशी थैलीसारखी आवळतात. त्यानंतर प्रखर एलईडी दिवे लावून रात्री मासळी गोळा करण्याचे तंत्र आले. २०१६ च्या फेब्रुवारीत राज्याने पर्ससीनवर हंगामाचे आणि संख्येचे निर्बंध घातले, २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने एलईडी मासेमारीवर बंदी आणली आणि २०२१ च्या दुरुस्तीने दंडाच्या रकमा लाखांत नेल्या. मालवणचा किनारा या सर्व टप्प्यांवर आंदोलनाच्या आघाडीवर राहिला. समुद्रात होड्या अडवणे, बंदरावर मोर्चे आणि कधीकधी मारामारी यांच्या बातम्या येथून वारंवार येत राहिल्या, आणि त्या कुणाच्या हेकेखोरपणाच्या नसून उपजीविकेच्या होत्या.

दरम्यान या पाण्यावर आणखी एक रेषा ओढली गेली होती. १३ एप्रिल १९८७ रोजी मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर असून, पद्मगड आणि आसपासचे पाण्याखालील खडक मिळून सुमारे ३.१८ चौरस किलोमीटरचा गाभा ठरवण्यात आला. प्रवाळ, समुद्री शैवाल, खडकांतील मासे आणि शंखशिंपल्यांची समृद्धी पाहता ही जागा जपायला हवी होती, यात शंका नाही. परंतु जेथे पिढ्यान्पिढ्या जाळी टाकली त्याच पाण्याला अभयारण्य म्हटल्यावर आपल्याला तेथून उठवणार काय, ही मच्छीमारांची भीतीही खोटी नव्हती. त्यांना विश्वासात घेण्याआधी सीमा आखल्या गेल्या, ही माझ्या मते त्या निर्णयातील मूळ चूक होती आणि तिच्यामुळे अभयारण्य बरीच वर्षे कागदावरच राहिले. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने सिंधुदुर्ग किनाऱ्यावर २०११ नंतर जो जैवविविधता प्रकल्प चालला, त्यात लहान पिल्ले निसटून जावीत म्हणून चौकोनी आसाची, म्हणजे चौकोनी छिद्रांची, जाळी मच्छीमारांना देण्यासारखे उपाय झाले आणि वेंगुर्ल्यात महिलांच्या गटाने कांदळवनातून होडीची सफर सुरू केली. संरक्षणाची भाषा लोकांच्या पोटापाण्याशी जोडली गेली, ती मुख्यतः या काळात.

पर्यटनाचा आजचा ओघ हा या सगळ्याच्या तुलनेने फार अलीकडचा आहे. १९८१ मध्ये रत्नागिरीपासून वेगळा होऊन बनलेला सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्यानंतर काही महिन्यांतच, २६ जानेवारी १९९८ रोजी, कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली आणि कुडाळ किंवा कणकवलीला उतरून मालवण गाठणे हे एका रात्रीचे काम झाले. तारकर्लीचा पांढऱ्या वाळूचा किनारा आणि कर्ली नदी व समुद्र यांच्यामधली देवबागची चिंचोळी पट्टी ही नावे पुण्या-मुंबईत आणि कोल्हापुरात सर्वतोमुखी झाली. कर्लीच्या मुखाशी वाळूचे जे लहान बेट आहे त्याला लोक ‘त्सुनामी बेट’ म्हणू लागले, कारण २००४ च्या डिसेंबरमधील त्सुनामीनंतर ते वर आले असे स्थानिक सांगतात. खाडीच्या मुखाशी वाळू साचणे आणि वाहून जाणे हे नेहमीचेच असल्यामुळे या बेटाचा आकारही बदलत राहतो. तारकर्लीत राज्य पर्यटन महामंडळाने स्कुबा डायव्हिंगचे प्रशिक्षण देणारी संस्था उभारली, ‘निवास व न्याहारी’च्या पाट्या घराघरांवर लागल्या आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपी येथील विमानतळही सुरू झाला.

या बदलातील एक गोष्ट बाहेरून चटकन लक्षात येत नाही. मासेमारीचा आणि पर्यटनाचा हंगाम येथे एकच आहे. जून-जुलैत मासेमारीला बंदी असते आणि मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्याही बंद असतात. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण झाला आणि बंदरावर नारळ लढवण्याचे डाव रंगले की दोन्ही व्यवसाय हळूहळू पुन्हा सुरू होतात. त्यामुळे घरातील होडी आणि घरातील तरुण जाळ्याकडे जाणार की पाहुण्यांकडे, हा प्रश्न दर ऑक्टोबरला घरोघरी येतो. अनेकांनी पाहुण्यांची वाट धरली आहे, आणि त्यांना दोष देता येणार नाही, कारण रिकाम्या जाळ्यापेक्षा ठरलेले भाडे केव्हाही भरवशाचे असते. मात्र दोन्हीकडील जोखीम समुद्राचीच आहे. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला आणि त्याआधीच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळाने देवबाग-मालवणच्या किनाऱ्याला झोडपून काढले होते.

खडकांवरही या ओघाचा भार पडतो. मासे जवळ यावेत म्हणून पाण्यात पाव टाकला जातो, होड्यांचे नांगर प्रवाळावर बसतात आणि पोहण्याची सवय नसलेला माणूस घाबरून नेमका प्रवाळावर पाय टेकतो. एक चौरस फूट प्रवाळ वाढायला किती वर्षे लागतात, हे त्या पाहुण्याला होडीत बसण्यापूर्वी सांगितले गेले तर तो ऐकणार नाही, असे मला वाटत नाही. काही होडीवाले ते आवर्जून सांगतातही.

गेल्या काही वर्षांत मालवण राष्ट्रीय पातळीवरही चर्चेत आले. ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिन येथे साजरा झाला आणि त्या दिवशी राजकोटावर उभारलेला महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, याचे दुःख मालवणकरांना अजून आहे. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत सिंधुदुर्ग आहे. आधीच सेवानिवृत्त झालेले ‘गुलदार’ हे सुमारे ८४ मीटर लांबीचे नौदलाचे जहाज त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत पर्यटन महामंडळाकडे सोपवण्यात आले. मालवणच्या दक्षिणेकडील निवतीच्या खडकांजवळ ते समुद्रतळाशी बसवावे, त्यावर कालांतराने प्रवाळ आणि मासळी वाढावी आणि पर्यटकांनी खाली उतरून ते पाहावे, अशी ही योजना आहे. मालवणच्या समुद्रात अशा रीतीने माणसाने ठेवलेला एक खडक असेल, आणि त्याच्या आसऱ्याला येणाऱ्या मासळीत आपला वाटा किती, हे निवती-मालवणच्या मच्छीमारांशी बोलून आधीच ठरवून घेतले पाहिजे.