‘हीलिंग’ शब्दाचे कूळ

इंग्रजीतील ‘हील’ हे क्रियापद जखम भरून येणे, मोडलेले हाड सांधणे आणि मनावरचा घाव शमणे, या तिन्हींसाठी वापरले जाते. हे अर्थ एकाच शब्दात कसे सामावले, याचे उत्तर त्याच्या व्युत्पत्तीत सापडते, आणि भाषाविज्ञान ते केवळ तर्काने नव्हे तर ध्वनिनियमांच्या आधारे देते.

जुन्या इंग्रजीत ‘हाल’ हे विशेषण होते. त्याचा अर्थ ‘अखंड, धडधाकट’. (मराठीतील ‘हाल’ अरबीतून आलेला असून त्याचा याच्याशी संबंध नाही, उच्चारसाम्य हा नात्याचा पुरावा नसतो.) या विशेषणाच्या पूर्वरूपाला ‘य’ ध्वनीने सुरू होणारा प्रत्यय लागून ‘अखंड करणे’ या अर्थाचे क्रियापद तयार झाले. पुढच्या ‘य’च्या प्रभावाने आधीचा ‘आ’ जिभेच्या पुढच्या भागाकडे सरकला, ‘हॅलान’ असे रूप झाले आणि पुढे दीर्घ स्वरांच्या मोठ्या स्थित्यंतरात त्याचा ‘हील’ झाला. ‘भरलेला’ या अर्थाच्या ‘फुल’पासून ‘भरणे’ या अर्थाचे ‘फिल’ नेमके याच प्रक्रियेने घडले आहे. मूळ विशेषणही टिकून आहे: उत्तरेकडील बोलींतून आलेले ‘हेल’ आणि दक्षिणेकडील ‘होल’, म्हणजे ‘संपूर्ण’. या ‘होल’च्या आरंभी लिहिला जाणारा डब्ल्यू पंधराव्या शतकाच्या सुमारास लेखनात शिरला. व्युत्पत्तीशी त्याचा काहीही संबंध नाही, तरी त्याच्यामुळे ‘हील’ आणि ‘होल’ यांचे सख्खे नाते डोळ्यांआड झाले. ‘हेल्थ’ आणि ‘पवित्र’ या अर्थाचा ‘होली’ हेही याच घराण्यातले शब्द आहेत.

जर्मनमध्ये ‘हाइलेन’ आणि चौथ्या शतकातील बायबलच्या अनुवादामुळे आपल्याला ठाऊक असलेल्या गॉथिक या लुप्त भाषेत ‘हाइल्स’ ही भावंडे आढळतात. प्राचीन स्लाव्हिक भाषेत मात्र ‘संपूर्ण’ला ‘त्सेलु’ म्हणत. कानाला परक्या वाटणाऱ्या या शब्दाचे नाते १८२२ मध्ये जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम यांनी मांडलेल्या नियमामुळे उलगडते: मूळ इंडो-युरोपीय भाषेतील, म्हणजे युरोपातील बहुतेक आणि उत्तर भारतातील अनेक भाषांच्या सामाईक पूर्वज भाषेतील, ‘क’ जर्मानिक भाषांत (इंग्रजी, जर्मन, गॉथिक यांच्या कुळात) ‘ह’ झाला. लॅटिनमधील शिंगवाचक ‘कोर्नु’ म्हणजे इंग्रजी ‘हॉर्न’. आपला ‘कोण’ आणि इंग्रजी ‘हू’ यांचेही आद्याक्षर असेच जुळते. स्लाव्हिकमध्ये तोच ‘क’ पुढील स्वरामुळे ‘त्स’ झाला. ध्वनी असे नियमबद्ध बदलत असल्यामुळेच लिखित पुरावा नसलेल्या काळातील शब्दही बऱ्याच खात्रीने मांडता येतात, आणि मला या शास्त्राचे सर्वांत मोठे यश हेच वाटते.

अर्थाचा प्रवासही मोलाचा आहे. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ ‘तारणे’ असाही होता आणि येशू ख्रिस्ताला ‘हॅलेंड’, म्हणजे तारणहार, म्हणत. १०६६ मध्ये फ्रान्समधील नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंचमार्गे आलेल्या ‘सेव्हिअर’ने ती जागा घेतली. लॅटिनमधील ‘काळजी’ या अर्थाच्या ‘कुरा’पासून आलेला ‘क्युअर’ही त्याच वाटेने इंग्रजीत आला. आजच्या वापरात ‘क्युअर’ बहुधा रोगाचा आणि कोणाच्या तरी उपचाराने होतो. ‘हील’ मात्र कर्त्यावाचूनही चालते, कारण जखम स्वतःच भरून येते.