सरकार मालक असते तेव्हा: कंत्राटी नोकऱ्यांच्या वादाची पार्श्वभूमी

‘कंत्राटींना कायम करा’ अशी मागणी आली की सरकारी वकील हमखास उमादेवी खटल्याचा दाखला काढतात. रीतसर भरतीविना घेतलेल्या माणसाला निव्वळ दीर्घ सेवेच्या जोरावर कायम होण्याचा हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 10 एप्रिल 2006 रोजी ठरवले. महाराष्ट्रात मात्र तेवढ्यावर विषय मिटत नाही. इथे 1971 चा, कामगार संघटनांना मान्यता देणारा आणि अनुचित कामगार प्रथा रोखणारा राज्याचा स्वतःचा कायदा आहे.

त्याच्या चौथ्या अनुसूचीतली सहावी बाब महत्त्वाची. बदली (दुसऱ्याच्या जागी घेतलेल्या), नैमित्तिक किंवा तात्पुरत्या कामगाराला कायमपणाचे लाभ मिळू नयेत म्हणून वर्षानुवर्षे तसेच ठेवणे, ही त्यानुसार अनुचित प्रथा ठरते. म्हणजे इथे तपासले जाते ते मालकाचे वर्तन.

मग तो मालक सरकार असला तरी. पुण्याच्या पाचगाव पर्वती योजनेवरच्या वनमजुरांनी याच बाबीचा आधार घेतला. वन खाते हा उद्योग नाही, हे राज्याचे सार्वभौम काम आहे, असा सरकारचा बचाव होता. झाडे लावण्यात कसले आले सार्वभौमत्व? सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1995 मध्ये तो बचाव फेटाळला. इतकी वर्षे तात्पुरते ठेवले यातच हेतू दिसतो, असे म्हणत मजुरांना कायम करण्याचा आदेश उचलून धरला. उमादेवीनंतरही कामगार न्यायालयांचे हे अधिकार शाबूत आहेत, हे 2009 मध्ये एसटीच्या बसगाड्या साफ करणाऱ्यांच्या खटल्यात स्पष्ट झाले. अट एकच, पद अस्तित्वात हवे.

पण ही बाब चालते ती थेट हजेरीपटावरच्या माणसासाठी. मध्ये ठेकेदार असेल तर मालक कोण हे आधी दुसऱ्या न्यायपीठापुढे सिद्ध करा, असे 2001 च्या सिप्ला निकालाने सांगितले. माझ्या मते ठेकेदारी सरकारी कार्यालयांना सोयीची वाटली ती इथूनही. मुंबई महापालिकेच्या 2,700 कचरा वाहतूक कामगारांना म्हणूनच औद्योगिक न्यायाधिकरणाचा लांबचा रस्ता धरावा लागला. ठेके मुद्दाम 20 पेक्षा कमी माणसांचे केले जातात, कारण त्या आकड्याखाली तेव्हाचा कंत्राटी कामगार कायदा लागत नव्हता, ही त्यांच्या संघटनेची तक्रार होती. औद्योगिक न्यायाधिकरणाने 2014 मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि एप्रिल 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला.

यानंतरचा टप्पा 6 सप्टेंबर 2023 च्या शासन निर्णयाचा. सरकारी कार्यालयांना मनुष्यबळ पुरवण्यासाठी त्यात 9 खासगी संस्था नेमल्या होत्या. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले रस्त्यावर उतरली. 20 ऑक्टोबरला तो रद्द करत असल्याचे तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जाहीर केले आणि त्याच पत्रकार परिषदेत कंत्राटी भरतीची सुरुवात 2003 च्या आघाडी सरकारने केल्याचा ठपका ठेवला.