अनुरक्षण : उच्च शिक्षणातील

बालगृहातून किंवा अन्य बालसंगोपन संस्थेतून वयाच्या १८ व्या वर्षी बाहेर पडणाऱ्या युवकाला स्वतःच्या पायावर उभे राहीपर्यंत जे आर्थिक व इतर साहाय्य दिले जाते, त्यास अनुरक्षण म्हणतात. प्रस्तुत नोंद महाविद्यालयात शिकणाऱ्या युवकांपुरती आणि मुख्यतः महाराष्ट्रापुरती आहे.

संकल्पनेचा उगम तुरुंगसुधारणेत मानावा की अनाथाश्रमांच्या परंपरेत, याविषयी एकमत नाही. पंढरपूरचे १८७५ मधील बालकाश्रम दुसऱ्या मताला आधार देते. तथापि संस्था सोडतानाचा, म्हणजे युवकाच्या पुढील वाटचालीचा, आराखडा करणाऱ्यांत परिवीक्षा अधिकाऱ्याचे (प्रोबेशन ऑफिसर; मुळात गुन्हेगारांवर तुरुंगाबाहेर देखरेख ठेवणारा अधिकारी) नाव आजही पहिले येते. हे पाहता पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. मुंबई इलाख्यात बालकांविषयीचा स्वतंत्र कायदा १९२४ मध्ये झाला. स्वातंत्र्यानंतर, साधारणतः १९५० च्या दशकाच्या मध्यास, समाजशास्त्रज्ञ डॉ. मा. स. गोरे यांच्या अध्यक्षतेखालील सल्लागार समितीने अनुरक्षणाचा देशपातळीवर विचार केला.

सध्याचा आधार म्हणजे बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५. त्याच्या कलम ४६ नुसार संस्था सोडणाऱ्यास आर्थिक साहाय्य ‘देता येईल’. ‘दिलेच पाहिजे’ असे कलम म्हणत नाही, आणि बहुतेक अडचणींचे मूळ इथेच आहे. साहाय्याची मर्यादा २१ वर्षे असून २०१६ च्या आदर्श नियमांनुसार ती अपवादात्मक परिस्थितीत २३ पर्यंत वाढवता येते. वर उल्लेखिलेला आराखडा संस्था सोडण्याच्या दोन महिने आधी सादर व्हावा लागतो. निवासासाठी सहा ते आठ जणांच्या गटनिवासाची तरतूद आहे.

वय कसे ठरते, हा प्रश्न इथे तांत्रिक राहत नाही. कलम ९४ प्रमाणे आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसल्यास स्थानिक स्वराज्य संस्थेचा जन्मदाखला आणि दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय तपासणी, असा क्रम आहे. या तपासणीत दोन्ही बाजूंना सुमारे दोन वर्षांची चूक संभवते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच लक्षात घेतले होते. मात्र बाल कल्याण समितीने (काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांविषयी निर्णय घेणारी जिल्ह्यातील समिती) एकदा नोंदवलेले वय कायद्याच्या दृष्टीने खरे वय ठरते. रस्त्यावर सापडलेल्या मुलीचे वय अंदाजाने वर्षभर जास्त लागले, तर ती अकरावीत असतानाच १८ पूर्ण होतात. उलट, शाळेत उशिरा दाखल झालेला मुलगा बारावी होतो तेव्हा २० वर्षांचा असतो. त्याची मदत पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात थांबते आणि तीन वर्षांची पदवी हाती येईतो तो २३ चा होतो. म्हणून मुदतवाढीचा अर्ज बोनाफाईड व गुणपत्रकासह २१ वे वर्ष संपण्याच्या बऱ्याच आधी करणे हिताचे.

दुसरा वाद ‘अनाथ’ कोणास म्हणावे याचा. अधिनियमाची व्याख्या व्यापक आहे : कायदेशीर पालक सांभाळण्यास असमर्थ किंवा अनिच्छुक असला तरी मूल अनाथ ठरते. राज्याने २०१८ मध्ये अनाथांसाठी ठेवलेल्या १ टक्का समांतर आरक्षणाचे (जातनिहाय आरक्षणाला छेदून जाणारे आरक्षण) निकष मात्र वेगळे असून ते बदलत गेले. २०२१ मध्ये तीन गट झाले, तर ६ एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने ‘संस्थात्मक’ (संस्थेत वाढलेली मुले) व ‘संस्थाबाह्य’ (संस्थेबाहेर वाढलेली मुले) अशी दोनच वर्गवारी ठेवली. त्यागलेली मुले यात बसतात का, हा प्रश्न २०२३ मध्येच मुंबई उच्च न्यायालयापुढे आला; शासनाने ‘अनाथ’ व ‘त्यागलेले’ या दोन्ही संज्ञा भिन्न असल्याचे म्हटले, तर सुनावणीत खंडपीठाने त्यांत फारसा फरक नसल्याचे मत व्यक्त केले. न्यायालयाचे मत वस्तुस्थितीला अधिक धरून आहे. अनाथ प्रमाणपत्राचा अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यामार्फत करावा, तोही प्रवेशप्रक्रिया सुरू होण्यापूर्वी.

२०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत या दोन्ही वर्गवारींतील मुलामुलींना शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण प्रतिपूर्ती मिळते. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेतून अनुरक्षणासाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. अनामत, खानावळ, पुस्तके व प्रवास यांचा खर्च प्रतिपूर्तीत येत नाही.

पैसे अडकतात ते बहुधा कागदपत्रांवर. दहावीच्या प्रमाणपत्रावर संस्थेने दिलेले मधले नाव असते, आधारवर नुसते पहिले. आधारला जोडलेला मोबाईल बालगृहाच्या अधीक्षकांचा असतो. मुलगा बाहेर पडतो, अधीक्षकांची बदली होते आणि महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळाचा ओटीपी भलत्याच फोनवर जातो. संस्था सोडण्यापूर्वी स्वतःचा क्रमांक जोडणे, नाव एकसारखे करून घेणे आणि आधार-संलग्न बँक खाते उघडणे ही तीन कामे उरकलेली असावीत. अर्जातील वडिलांच्या नावाची चौकट रिकामी सोडता येत नसेल, तर तिथे मनाने काहीही भरू नये. बाल कल्याण समितीच्या आदेशाची प्रत जोडून महाविद्यालयाकडे लेखी विचारणा करावी.

सर्वांत दुर्लक्षित बाब सुट्टीची. दिवाळीत व उन्हाळ्यात अनेक वसतिगृहे रिकामी करावी लागतात, आणि घरी जा म्हटले तरी या मुलांना जायला घर नसते. प्रवेश घेतानाच रेक्टरकडून सुट्टीत राहण्याची लेखी परवानगी घ्यावी. ती मिळाली तरी खानावळ बंद असते, त्यामुळे त्या आठवड्यांच्या जेवणाचा खर्च आराखड्यात वेगळा दाखवावा.