घटस्फोट झाला, फ्लॅटही मिळाला, पण लोनवरचं नाव निघेना: महाराष्ट्रात नेमकं कुठे अडतं

"कोर्टाने फ्लॅट मला दिलाय, मग बँक त्याचं नाव का काढत नाही?" कारण तुमच्या केसमध्ये बँक पार्टीच नव्हती. कन्सेंट टर्म्समध्ये (संमतीने घटस्फोट घेताना कोर्टात दिलेल्या लेखी तडजोडीत) तुम्ही दोघांनी काहीही ठरवा, बँकेच्या लेखी दोघंही को-बॉरोअर (सहकर्जदार) आणि पूर्ण कर्जाला दोघंही जबाबदार. हप्ता बाउन्स झाला की सिबिल दोघांचं पडतं, मग घर सोडून गेलेल्याला चार वर्षांनी स्वतःचं लोन नाकारलं जातं तेव्हा कळतं.

त्यामुळे बँकेत जायचं ते कन्सेंट टर्म्सवर सह्या करायच्या आधी. बँक एकच बघते, फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाच्या एकट्याच्या पगारावर उरलेलं लोन बसतं का. नसेल बसत तर थोडी रक्कम आधी भरा (फ्लोटिंग रेटच्या वैयक्तिक होम लोनला प्रीपेमेंट पेनल्टी नसते, कोणी मागितली तर लेखी मागा), नाहीतर वडील किंवा भाऊ को-बॉरोअर म्हणून येतात का बघा, नाहीतर दुसरी बँक. काहीच जमत नसेल तर घर विकणं हाच पर्याय उरतो, आणि तो कोणालाच ऐकायचा नसतो.

आता कन्सेंट टर्म्स. "सदर सदनिका पत्नीकडे राहील", बास, एवढं एकच वाक्य असतं कित्येकांच्या कागदात. फ्लॅट नंबर नाही, सर्व्हे किंवा सीटीएस (शहर भूमापन) नंबर नाही, एरिया नाही, मूळ कराराचा दस्त क्रमांक नाही. दुय्यम निबंधक कार्यालयात, म्हणजे जिथे दस्तांची नोंदणी होते तिथे, हे चालत नाही आणि मग दुरुस्तीसाठी परत कोर्ट. वकिलाला सांगून फ्लॅटचं पूर्ण वर्णन, लोन अकाउंट नंबर, हप्ता कोण आणि कधीपर्यंत भरणार, आणि बँकेने नाव काढायला नकार दिला तर पुढे काय, हे सगळं लिहून घ्या. शेवटचा मुद्दा कोणीच लिहीत नाही आणि भांडणं तिथेच होतात.

मुदतीचा घोळ तर कायमचा. डिक्री (कोर्टाचा अंतिम हुकूम) रजिस्टर करायची असेल तर 4 महिने असतात, आणि संमतीच्या डिक्रीवर फॅमिली कोर्टातून अपील नसल्यामुळे ते डिक्रीच्या तारखेपासून मोजतात, सर्टिफाइड कॉपी हातात आली त्या दिवसापासून नाही. उशीर झाला तर आणखी 4 महिन्यांपर्यंत दंड भरून, तेही कारण पटलं तर. फ्लॅट मूळ याचिकेचा विषय असेल तर डिक्रीची नोंदणी सक्तीची नाही असं नोंदणी कायद्याचं कलम 17 सांगतं, म्हणून फ्लॅटचा उल्लेख नुसता तडजोडीत नको, याचिकेतच हवा. हे काउंटरवर कोणी सांगणार नाही, तिथे फक्त "होत नाही" एवढंच ऐकायला मिळतं.

स्टॅम्प ड्युटीत लोक हमखास फसतात. हक्कसोडपत्राला नाममात्र ड्युटी असं ऐकलेलं असतं, पण ती सवलत वडिलोपार्जित मिळकतीला आहे, दोघांनी विकत घेतलेल्या फ्लॅटला नाही. राहत्या घराच्या बक्षीसपत्राला नवरा-बायकोमध्ये सवलत आहे, पण डिक्री झाली की तुम्ही नवरा-बायको राहत नाही. बक्षीसपत्र डिक्रीच्या आधीच करायचं म्हटलं तर समोरच्यावर तेवढा विश्वास हवा, बँकेची एनओसी हवी, आणि पैशाच्या बदल्यात बक्षीसपत्र होत नाही हेही लक्षात ठेवा. शंका असेल तर मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून अभिनिर्णय (किती ड्युटी लागते याचा अधिकृत निर्णय) करून घ्या, वेळ जातो पण नंतरची नोटीस टळते.

कागद नेहमीचेच: डिक्रीची सर्टिफाइड कॉपी, इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा सरकारी उतारा), बँकेची एनओसी, लोन स्टेटमेंट, पॅन, आधार, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. मूळ करारनामा मागतील, तो तुमच्याकडे नसणारच, बँकेत गहाण आहे. तेव्हा बँकेकडून जमा कागदपत्रांची यादी शिक्क्यासकट घ्या. सोसायटी, लाइट बिल, मालमत्ता कर हे नोंदणीनंतर, त्यात फारसं अडत नाही.

लोन पूर्ण फिटलं की 30 दिवसांत मूळ कागद परत द्यायचे, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम 1 डिसेंबर 2023 पासून आहे. पण जॉइंट लोन असेल तर कागद सोडवायला बऱ्याचदा दोघांच्या सह्या मागतात, आणि तेव्हा समोरचा माणूस फोन उचलत नसतो, म्हणून त्याचं ऑथॉरिटी लेटर लागेल का आणि कोणत्या नमुन्यात, हे बँकेला विचारून कन्सेंट टर्म्सच्या दिवशीच सही घेऊन ठेवा.