वाहनदान (अमेरिका)

नकोशी झालेली मोटार धर्मादाय संस्थेला देऊन तिच्यापोटी प्राप्तिकरात वजावट मागण्याची अमेरिकेतील प्रथा. दान मोटारीचे म्हटले जात असले, तरी संस्थेच्या हाती बहुधा मोटार पडतच नाही. पडते ती तिच्या विक्रीतून आलेली रक्कम, आणि तीही गाडी उचलून विकणाऱ्या मध्यस्थाचा वाटा वजा होऊन. स्थानिक सार्वजनिक रेडिओ केंद्रांपासून गरजूंसाठी घरे बांधणाऱ्या ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’पर्यंत नाना प्रकारच्या संस्था अशी दाने स्वीकारतात.

दात्याने फोन केला की टोइंगची गाडी दारात येऊन मोटार विनाशुल्क उचलून नेते. अनेक ठिकाणी बंद पडलेली गाडीही ‘चालते’. दाता मालकीपत्रावर सही करतो आणि गाडी हस्तांतरित झाल्याची सूचना राज्याच्या मोटार वाहन विभागाला देतो. ही सूचना द्यायची राहिली, तर नंतरच्या दंडाच्या पावत्या जुन्याच मालकाच्या पत्त्यावर येऊ शकतात. पुढे गाडी लिलावात किंवा थेट भंगारात जाते.

या प्रथेला आजचे रूप आले ते करकायद्यामुळे. पूर्वी दाता जुन्या गाड्यांच्या किमतींची पुस्तिका पाहून बाजारभावाइतकी वजावट मागत असे, आणि पुस्तिकेतील किंमत व दारातल्या गाडीची खरी अवस्था यांचा मेळ क्वचितच बसे. अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००३ मध्ये दिलेल्या अहवालानुसार, २००० या करवर्षात सुमारे ७,३३,००० करदात्यांनी अशी वजावट घेऊन आपला कर ६५.४ कोटी डॉलरनी कमी केला होता. कार्यालयाने ५४ गाड्यांचा माग काढला, तेव्हा त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश गाड्यांच्या बाबतीत दात्याने सांगितलेल्या किमतीच्या ५ टक्के किंवा त्याहूनही कमी रक्कम संस्थेला मिळाल्याचे आढळले. १९८३ च्या एका ट्रकचे उदाहरण बोलके आहे : दात्याने २,४०० डॉलरची वजावट मागितली, ट्रक ३७५ डॉलरला विकला गेला आणि खर्च वजा जाता संस्थेला ३१.५० डॉलर मिळाले. म्हणजे दानाचा मोठा भार सरकारी तिजोरीनेच उचलला होता.

२००४ च्या कायद्याने ही वाट अरुंद केली. १ जानेवारी २००५ पासून ५०० डॉलरहून अधिक वजावट मागायची, तर ती सामान्यतः गाडीच्या प्रत्यक्ष विक्रीच्या रकमेइतकीच मिळते आणि विक्रीनंतर ३० दिवसांत संस्थेने दात्याला लेखी पोच द्यावी लागते. गाडी त्याहून कमी किमतीला विकली गेली, तर ५०० डॉलर किंवा बाजारभाव यांतील कमी असेल ती रक्कम मागता येते. संस्थेने गाडी स्वतःच्या कामात भरीव प्रमाणात वापरली (उदाहरणार्थ, वृद्धांना घरपोच जेवण नेण्यासाठी), तिची मोठी दुरुस्ती केली किंवा ती गरजू व्यक्तीला फुकट वा अगदी स्वस्तात दिली, तर मात्र पूर्ण बाजारभाव धरता येतो.

हा शेवटचा अपवाद प्रथेच्या मूळ हेतूला सर्वांत जवळचा आहे. व्हरमाँट राज्यातील बर्लिंग्टन येथे १९९६ मध्ये सुरू झालेले ‘गुड न्यूज गॅरेज’ दानात आलेल्या गाड्या दुरुस्त करून कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना देते. ज्या भागात बस नाही, तेथे मोटारीवाचून नोकरी टिकवणे कठीण असते.

२०१८ पासून प्रमाणित वजावट (खर्च वा देणग्यांचा तपशील न देता सरसकट मिळणारी ठरावीक वजावट) जवळजवळ दुप्पट झाली; ती घेणाऱ्याला दानाची वेगळी वजावट मिळत नाही. तपशीलवार वजावटी मागणारे त्यामुळे बरेच कमी झाले आणि अनेक दात्यांसाठी करलाभ उरलाच नाही. मध्यस्थाचा वाटा टाळायचा असेल, तर गाडी स्वतः विकून पैसे देणे संस्थेला अधिक लाभाचे ठरते. पण तेवढी खटपट नको, म्हणूनच तर बहुतेक जण फोन करतात.

भारतात १९६१ च्या प्राप्तिकर अधिनियमातील कलम ८०-जी ने वजावट पैशाच्या देणगीपुरतीच ठेवली, वस्तुरूप दानाला दिली नाही. त्यामुळे मोटार दान करून कर वाचवण्याची अशी प्रथा येथे रुजली नाही.